पत्ता एकच, संसार वेगळे

न्यायालयाच्या पोर्टलवर शेरा आला होता: ‘दोन्ही अर्जदारांचा पत्ता एकच. वर्षभर विभक्त राहिल्याबाबत खुलासा करावा.’ मी ऑफिसात होते. समोरची गोदामाच्या स्टॉकची फाइल बंद केली आणि शेरा पुन्हा वाचला.

मी कुवेतमध्ये इंटर्नल ऑडिटर आहे. म्हणजे लोकांनी केलेल्या नोंदींना आधार काय, ते विचारायचं. घटस्फोटाची याचिकाही मी स्वतःच तयार केली होती. लग्न पुण्यात झालं, म्हणून अर्ज पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात, ऑनलाइन. दोघांची संमती असेल तर नवरा-बायको मिळून एकच याचिका करतात. मुख्य अट ही की, किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं.

आम्ही राहिलो होतो, पण एकाच फ्लॅटमध्ये. इथलं भाडं आणि मुलीची बारावी, दोन्ही कारणं खरी. नवऱ्याची, सतीशची खोली वेगळी, माझी आणि मुलीची वेगळी. त्यात मी सवयीप्रमाणे, कोणी न मागता, दोघांच्या सिव्हिल आयडीच्या कॉपी जोडल्या. हे इथलं ओळखपत्र. त्यावर घराचा पूर्ण पत्ता असतो.

सतीशचं मीना अल-अहमदीच्या रिफायनरीतलं काँट्रॅक्ट संपलं होतं. आठवड्याभरात तो कायमचा भारतात परतणार होता. खुलाशाच्या प्रतिज्ञापत्रावर दोघांनी दूतावासात जाऊन सही करायची होती. तो एकदा गेला की सही मिळणं कठीण, हे मला संसाराच्या अनुभवावरून ठाऊक होतं.

“मी तिकडे सुलैबियात, कामावरच्या शेट्टीच्या रूमवर राहतो असं लिही,” सतीश म्हणाला. “तो सांगेल तसं लिहून देईल.”

“शपथेवर?”

“तू आत्ता ऑफिसात नाहीयेस.”

“उद्या कोणी ते उकरलं तर घटस्फोटच रद्द होईल. परत तुझी बायको निघेन मी.”

“नको नको,” तो घाईने म्हणाला. “खरं तेच लिही.”

दुसऱ्या दिवशी मी न्यायालयाच्या कार्यालयात फोन लावला. तिथले गृहस्थ शांत होते.

“मॅडम, एका घरात राहून विभक्त कसे हो?”

“अहो, इथे कुवेतमध्ये एका फ्लॅटमध्ये चार अनोळखी माणसं राहतात. स्वयंपाकघर एक, खोल्या आपापल्या. कार्डावर पत्ता सगळ्यांचा तोच.”

“असं होय? मग हेच लिहा ना! आम्हाला इथे बसून काय कळणार?”

इतकी वर्षं इथे राहून ही गोष्ट सांगावी लागेल, असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

संध्याकाळी मसुदा सतीशला वाचून दाखवला. “‘खोल्या स्वतंत्र. पती-पत्नी म्हणून संबंध नाहीत. स्वयंपाक वेगळा.’”

“वेगळा कुठे? माझी भाजी तूच करतेस.”

खरं होतं. मी खोडून लिहिलं: ‘स्वयंपाक एकत्र, जेवण आपापल्या वेळी.’

“आणि मला ताप आला तेव्हा तू दवाखान्यात नेलंस, ते?”

“ते रूममेटही करतो.”

तो म्हणाला, “बरोबर आहे. राहू दे.”

आतून मुलगी ओरडली, “कॅन आय बी द विटनेस? आय ॲम ऑलरेडी वन!”

दूतावासात दोघांच्या सह्या झाल्या. प्रतिज्ञापत्र अपलोड केलं. याचिका दाखल करून घेतल्याचा मेसेज आला, तेव्हा सतीश हॉलमध्ये बॅगांचं वजन करत होता. मी फोन त्याच्यापुढे धरला.

“झालं?”

“दाखल झाली. तारखेला व्हिडिओवर हजर राहायचं.”

“राहीन.”

आणि राहिला, सहा महिन्यांनंतरच्या दुसऱ्या तारखेलाही. न्यायाधीशांनी पत्त्याबद्दल विचारलंच. आम्ही दोघांनी आपापलं उत्तर दिलं, ते एकच निघालं. घटस्फोट मंजूर झाला. स्क्रीन बंद करून मी चहा टाकला आणि तो शेवटच्या घोटापर्यंत गरम प्यायले. बरेच महिने हे जमलं नव्हतं.

कागद खरा असून भागत नाही. वाचणारा दुसऱ्या गावी बसला आहे, हे धरून दोन ओळी जास्त लिहाव्यात.