पिंपाला लावलेला खांदा

हसायचं न्हाय असं कबूल करणार असला तरच सांगतो. आणि घोट गिळून घ्या आधी, मधी ठसका लागला तर मी जबाबदार न्हाय.

दोन हजार पाचच्या आसपास आम्ही नवरा-बायको इटलीला गेलतो. कोल्हापुरात राजारामपुरीत नळाच्या सामानाचं दुकान आमचं. पंचवीस वर्षं ते सोडून कुठं गेलो न्हाय म्हणून बायकोनं हट्टच धरला. तर एक दिवस टूरची बस डोंगरावरच्या एका जुन्या गावात लागली. पन्हाळ्याएवढं गाव, तसाच तट, आणि खाली नजर जाईल तिथवर द्राक्षाचे मळे. तासगाव उचलून पायथ्याला ठेवल्यागत. टूरवाल्या बाई पुण्याच्या. हितली वाईन नावाजलेली हाय, म्हणाल्या. पुढंही काहीतरी सांगत होत्या, पण सूचना संपायच्या आत पुढं जायची मला खोड.

गल्लीत वळलो तर उभा दगडी चढ, आणि दोन माणसं वाईनचं भलंमोठं लाकडी पिंप वर लोटत होती. त्यातला एक माझ्याच वयाचा, पन्नाशीचा, तोंड लालबुंद. दोन्ही बाजूला ही गर्दी, आणि सगळे नुसते ओरडायला! आता मला सांगा, आपल्याकडं उसाची गाडी चढाला अडकली तर कोण बघत उभं राहतं का? माझं डोकंच फिरलं. बॅग बायकोच्या हातात दिली, बाह्या सारल्या आणि लावला खांदा.

तो लालबुंद गडी मला काहीतरी सांगत होता. मला वाटलं आभार मानतोय. म्हटलं, असूं द्या पावणं, त्यात काय एवढं. लोक आणखी ओरडले, मी आणखी फुगलो. पिंप वर चौकात पोचलं, मी हात झटकले, आणि बघतो तर मागनं दुसरं पिंप आलं. मग तिसरं.

शर्यत होती हो! गल्ली विरुद्ध गल्ली. आपल्या पेठांची फुटबॉलला असते तसली ईर्षा. आमचं पिंप पहिलं आलतं, पण बाहेरच्या माणसाची मदत घेतली म्हणून तिथल्या पाच पंचांनी बाद केलं. मागनं धापा टाकत आलेल्या टूरवाल्या बाईंनी सांगितलं, ही गल्ली एकवीस वर्षांत जिंकलेली न्हाय. आणि त्या गड्याची वयामुळं ही शेवटची शर्यत. तो पिंपावर डोकं टेकून रडत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एवढ्यात तो ताडकन उठला आणि माझ्याकडं बोट करून पंचांशी भांडायला लागला. काय म्हणतोय, विचारलं, तर बाई सांगायलाच तयार न्हाईत. लईच गळ घातली तेव्हा म्हणाल्या,

"तो म्हणतोय, ही मदत नव्हतीच. हे गृहस्थ पिंपाला नुसते लोंबकळत होते."

आता आली का पंचाईत? कधीकाळी तालमीत घाम गाळलेला माणूस मी. जोर लावला म्हणावं तर ह्याच्या तोंडचा घास जातोय, न्हाय म्हणावं तर कोल्हापूरची अब्रू. शेवटी पंचांनीच तोड काढली: ह्यांनी एकट्यानं पिंप ढकलून दाखवावं.

मनात म्हटलं, मुद्दाम हरायचं. माणसाचं भलं होतंय. पिंप चढाच्या पायथ्याला सपाटीवर ठेवलं, मी हात लावल्यासारखं केलं, ते जागचं हललं न्हाय. सगळं बेतानं चाललं होतं. तेवढ्यात गर्दीतनं बायको बोलली, "अवो, जरा तरी जोर लावा की. लोक बघाय लागल्यात."

झालं! त्या गड्याचं रडणं विसरलो, एकवीस वर्षं विसरलो. दात-ओठ खाऊन अंगात होता न्हवता तेवढा सगळा जोर लावला.

पिंप हातभर चढलं, आणि मलाच घेऊन खाली आलं.

पंचांनी निकाल फिरवला. त्या गल्लीनं मला खांद्यावर घेतलं, गळ्यात रुमाल घातला, चौकभर मिरवलं. लालबुंद गड्यानं तर दोन्ही गालांचे मुके घेतले.

त्या मिरवणुकीचा फोटो आमच्या हॉलमध्ये लावलाय. पावणं येतात, कौतुकानं विचारतात, परदेशात सत्कार? कशाबद्दल? मी घसा खाकरेपर्यंत बायकोच सांगून मोकळी होते.

"ह्यांच्यात जोर न्हाय, हे पाची पंचांनी एकमतानं मान्य केलं त्याबद्दल."