आमच्या चढावर आलेले तीन राजे

ब्रिस्टल हे चढउतारांचं शहर, आणि आमची गल्ली म्हणजे त्यातलाच एक बेरकी चढ. खालच्या बस स्टॉपवरून घरी येताना हातात शॉपिंग असेल तर मला मध्ये एकदा पिशव्या खाली ठेवाव्याच लागतात. माझ्या सासूबाई नागपूरहून पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा टॅक्सीतून उतरून त्यांनी आधी चढाकडे पाहिलं, मग माझ्या नवऱ्याकडे, आणि म्हणाल्या, "सपाट जमीन संपली होती काय रे इथली?"

त्या आल्या त्या नेमक्या डिसेंबरात. थंडीची त्यांना भीती नव्हती. त्यांना खचवलं ते अंधारानं. दुपारी चहा पिऊन कप विसळेपर्यंत बाहेर काळोख व्हायचा. त्या देवापुढे दिवा लावायच्या, शुभंकरोति म्हणायच्या, आणि मग खुर्चीत बसून घड्याळाकडे बघत राहायच्या. खरी दिवेलागणीची वेळ झाली की पुन्हा उठून दुसऱ्यांदा दिवा लावायच्या. "देवालाही कळायला हवं ना, नक्की संध्याकाळ कधी झाली ते," असं म्हणायच्या, पण हसायच्या नाहीत. मी युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात, नवरा विमानांच्या कारखान्यात, मुलगी शाळेत. दिवसभर घरात त्या आणि हीटिंगचा घूं घूं आवाज. महिन्याभरात तिकीट बदलून परत जायच्या गोष्टी सुरू होतील, असं मी धरूनच चालले होते.

ख्रिसमसच्या दिवशी सकाळी त्या खिडकीशी उभ्या होत्या. बस नाही, माणूस नाही, एकही दुकान उघडं नाही.

"एवढा मोठा सण, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही," त्या म्हणाल्या. "संचारबंदी लागून राहिली की काय?"

तेवढ्यात बेल वाजली. दारात आमच्या शेजारच्या घरातली स्पॅनिश बाई. ती हॉस्पिटलात सुईण आहे, म्हणजे मिडवाइफ. तोवर आमचं नातं 'हॅलो, काय थंडी आहे' इतपतच. ड्यूटीमुळे तिला ह्या वर्षी घरी जाता आलं नव्हतं. रात्रपाळी करून आली होती, झोपही झाली नव्हती, आणि तिला भात करायचा होता. तिच्या आईच्या पद्धतीचा, पिवळा. दुकानं बंद. "तुमच्याकडे केशर असेल का? थोडंसंच."

सासूबाईंना 'सॅफ्रन' हा शब्द ठाऊक होता. मी वळेपर्यंत त्या आत जाऊन आपली चांदीची डबी घेऊनही आल्या. चिमटीनं काड्या कागदावर ठेवल्या, पुडी बांधली, आणि मग त्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहून मला म्हणाल्या, "हिला विचार, जेवायला कोण आहे हिच्याकडे?"

कोणी नव्हतं. त्यामुळे दुपारी ती तिची पसरट कढई दोन्ही हातांनी धरून आमच्याकडे आली. भातात फरसबी, भोपळी मिरची आणि वाटाणे. सासूबाई मांस-मासे खात नाहीत हे तिनं न सांगता ओळखलं होतं. आमच्याकडे वरण, बटाट्याची भाजी, आणि मुलीच्या हट्टाखातर भाजलेले स्प्राउट्स, म्हणजे इथले इवलेसे कोबी. सासूबाईंनी भाताचा पहिला घास घेतला, विचार केला, आणि म्हणाल्या, "साखर घातली असती तर केशरीभात झाला असता. पण हेही चांगलं आहे."

मी भाषांतर केलं. ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

मग तिनं मला विचारलं, "तुम्ही ह्यांना 'आई' म्हणता? आमच्याकडे 'आय' म्हणजे कुठे लागलं की माणूस ओरडतो ते."

"आमच्याकडेही लागलं की 'आई'च ओरडतात," मी म्हटलं.

तिनं सासूबाईंकडे वळून हात जोडले आणि म्हणाली, "आई." त्या दिवसापासून ती त्यांना आईच म्हणते.

जेवणानंतर तिला तिच्या गावाची आठवण झाली. समुद्रकाठचं छोटं गाव. तिथे खरी मजा ख्रिसमसची नाही, ती जानेवारीत, असं ती सांगू लागली. पाच तारखेच्या संध्याकाळी, बाळ येशूला भेटी घेऊन गेलेले ते तीन राजे येतात. तिच्या गावात ते होडीतून धक्क्यावर उतरतात, मग त्यांची मिरवणूक निघते, आणि ते दोन्ही बाजूंच्या मुलांवर मुठी भरभरून गोळ्या-चॉकलेटं उधळतात. लोक छत्र्या उलट्या धरून ती झेलतात. तिचे वडील गुडघ्यांवर बसून गोळ्या वेचायचे आणि आईला म्हणायचे, मी पोरीसाठी वेचतोय.

सासूबाईंना मी वाक्यावाक्याला सांगत होते. त्या एकदम खुर्चीत पुढे सरकल्या.

"मुलांवर उधळतात? अगं, म्हणजे हे बोरन्हाणच की! संक्रांतीच्या आधीच! लांब राहतात बिचारे, पण जमलं त्यांना."

आता बोरन्हाण समजावून सांगायची माझी पाळी. लहान मुलाला काळे कपडे, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, आणि मग बाकीच्या पोरांची झुंबड. शेजारीण ऐकत राहिली. तिचे डोळे भरून आले होते, पण ती रडत नव्हती. ती काहीतरी ठरवत होती.

"आपण करू या," ती म्हणाली. "इथे. ह्या चढावर. आणि आई राजा होतील."

माझ्या मनात पटकन एक शंका आली. त्या तीन राजांतला एक काळा असतो आणि स्पेनमध्ये गोरी माणसं तोंडं रंगवून तो होतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. मी सरळ विचारलं, "कोणता राजा?"

तिला प्रश्न कळला. तिचे कान लाल झाले. "आमच्या गावात अजूनही रंगवतात," ती म्हणाली. "मला ते कधीच आवडलं नाही. मी आईंना सगळ्यात वयानं मोठा राजा म्हणतेय. पांढऱ्या केसांचा. तो पुढे असतो. सोनं तोच आणतो."

"काय म्हणून राहिली?" सासूबाईंनी विचारलं. मी सांगितलं.

"होईन की," त्या म्हणाल्या. "पण दाढी लावणार नाही, सांग तिला."

आमच्या मुलीला हे काही पटेना. "आजी, तू राणी हो. राजा मुलगा असते," ती म्हणाली.

"असते नाही, असतो. आणि ज्याच्या डोक्यावर फेटा तो राजा," आजीनं निकाल दिला.

पुढचे दिवस आमच्या घराचं लग्नघर झालं. नवऱ्याचा मरून रंगाचा ड्रेसिंग गाऊन सासूबाईंनी काबीज केला आणि त्याला जुन्या साडीचे जरीचे काठ लावले. फेटा बांधायला नवऱ्यानं व्हिडिओ समोर ठेवला. दोनदा तो त्यांच्या नाकावर घसरला, मग त्यांनीच त्याच्या हातातून घेऊन, गुडघ्याभोवती गुंडाळून, टोपीसारखा शिवून टाकला. शेजारणीनं गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला. ज्या ग्रुपवर एरवी फक्त कचऱ्याचे बिन कधी न्यायला येणार याची चर्चा चालते, तिथे एकदम उत्साह संचारला. समोरच्या घरातला एडिनबराचा उंच बाप तिसरा राजा व्हायला तयार झाला. शिवाय त्याच्याकडे ती पुढे लाकडी पेटी असलेली सायकल होती, जिच्यात बसवून तो जुळ्या मुलींना शाळेत सोडतो. सासूबाईंच्या गुडघ्यांना हा चढ चालून चढणं शक्यच नव्हतं. तर ती सायकल म्हणजे उंट.

एक अडचण आली. सासूबाईंनी तिळाच्या वड्या थापल्या होत्या आणि त्या उधळायच्या बेतात होत्या. एका आईनं फारच संकोचून कळवलं की तिच्या मुलाला तिळाची ॲलर्जी आहे. मला वाटलं आता ह्या रुसणार. पण त्यांनी क्षणभर विचार केला आणि वड्यांचा डबा बंद केला. "लेकराच्या जिवापेक्षा वडी मोठी आहे का? दुसरं शोध." मग आम्ही लंडनच्या इल्फर्ड भागातल्या माझ्या मैत्रिणीकडून चुरमुरे मागवले, सुपरमार्केटातून कागदात गुंडाळलेल्या गोळ्या आणल्या, आणि नाताळातली ती छोटी संत्री आणली. नागपूरच्या बाईंनी त्यातलं एक सोलून खाल्लं. "संत्र्याचं पिल्लू आहे," त्या म्हणाल्या. "पण गोड आहे. हे मात्र हातात द्यायचं. फेकून मारायचं नाही."

मिरवणुकीच्या दिवशी दुपारपासून बारीक पाऊस भुरभुरत होता. मला वाटलं, कोणी येणार नाही. अंधारू लागलं तशी मी चढाच्या पायथ्याशी गेले आणि पाहिलं तर दोन्ही फुटपाथवर मुलं, बाप, आया, कुत्री, वरच्या घरातलं वृद्ध जोडपं घडीच्या खुर्च्यांवर. प्रत्येकाच्या हातात छत्री होतीच. पेटीत लाल गादीवर सासूबाई बसल्या. आत थर्मल, वर साडी, त्यावर गाऊन, डोक्यावर फेटा, मांडीवर चुरमुऱ्यांची परात. मागे दुसरा राजा, म्हणजे शेजारीण, हिरव्या पडद्याचा झगा घालून, हातात उदबत्त्यांचा जुडगा घेऊन. नवऱ्यानं सायकलला गुंडाळलेले दिवे लावले आणि एडिनबराच्या राजानं पॅडल मारलं.

सुरुवात झोकात झाली. छत्र्या उलट्या झाल्या, सासूबाईंनी पहिली मूठ उधळली, आणि पोरांनी असा काही गिल्ला केला की त्या दचकून हसायला लागल्या. त्यांना तसं हसताना मी त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच पाहिलं. पण गल्लीच्या मध्यावर, चढ सगळ्यात अवघड होतो तिथे, सायकल थांबली. राजा पॅडलवर उभा राहिला, लाल झाला, आणि सायकल हळूच मागे सरकू लागली.

"आय!" शेजारीण ओरडली आणि झगा सावरत पेटीला भिडली. मी भिडले, नवरा भिडला. सासूबाईंनी परात एका हातानं पोटाशी धरली, दुसरा हात वर केला आणि खणखणीत आवाजात ओरडल्या, "ढकला रे! ढकला!"

शब्द कोणाला कळायची गरजच नव्हती. फुटपाथवरचे बाप धावले, मुलं धावली, कुत्री भुंकली. जुळ्या मुलींपैकी एकीनं "ढकला!" म्हटलं, दुसरीनं म्हटलं, आणि मग अख्खी गल्ली ओरडायला लागली, "ढ-क-ला! ढ-क-ला!" ब्रिस्टलच्या पावसात, इंग्रजी 'ड' लावून, ताल धरून. सायकल इंचाइंचानं वर चढत होती, आणि सासूबाई सगळ्या गल्लीवर चुरमुरे उधळत होत्या. माझ्या केसांत, कोटाच्या कॉलरमध्ये, बुटांत चुरमुरे. घाम आणि पाऊस एक झाला होता. वर पोचल्यावर एवढ्या टाळ्या झाल्या की एडिनबराच्या राजाला रडूच आलं. नंतर तो म्हणाला, ते पावसाचं पाणी होतं.

मग सगळे आमच्या आणि शेजारणीच्या स्वयंपाकघरांत मिळून मावले. तिनं मध्ये भोक असलेला मोठा गोल गोड पाव भाजला होता, वर साखरेत घोळवलेली फळं, वास संत्र्याच्या फुलांचा. सासूबाईंनी तिळाच्या वड्या वेगळ्या खोलीत, वेगळ्या ताटात मांडल्या आणि दारावर मुलीला पहारेकरी म्हणून उभं केलं. त्या मुलाची आई त्यांच्याजवळ आली आणि त्यांचा हात धरून उभी राहिली.

तिकीट बदलायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. उलट, चढावरून जाताना लोक त्यांना वाकून मुजरा करू लागले आणि त्याही फुटपाथवर उभ्या राहून राजासारखा हात वर करू लागल्या.

गेल्या हिवाळ्यात शेजारणीला अखेर सुट्टी मिळाली आणि ती गावी गेली. आम्हाला वाटलं, आता कसली मिरवणूक. पण डिसेंबर संपायच्या आतच ग्रुपवर विचारणा सुरू झाली, राजे कधी येणार? सासूबाई पुन्हा आल्या होत्याच. हिरवा झगा माझ्या अंगावर चढला. या वेळी ढकलायला आधीच माणसं नेमली होती.

निघायच्या वेळी फोन वाजला. व्हिडिओवर शेजारीण, तिच्या गावच्या धक्क्यावर, मागे बँड आणि माणसांचा समुद्र. तिनं फोन शेजारी उभ्या असलेल्या आपल्या आईच्या हातात दिला. त्या बाईंनी सासूबाईंचा फेटा पाहिला आणि भराभरा स्पॅनिशमध्ये बोलायला लागल्या. सासूबाईंनी ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि मराठीत सांगायला सुरुवात केली की गुडघे बरे आहेत, चुरमुरे यंदा कुरकुरीत मिळालेत, तुमची लेक गुणाची आहे, तिला थोडं जाड करून पाठवा. पलीकडून उत्तर आलं. इकडून प्रत्युत्तर गेलं. एडिनबराचा राजा पॅडलवर पाय ठेवून पावसात ताटकळत उभा होता, मुलं छत्र्या उलट्या करून ओरडत होती, आणि दोघी आया थांबायचं नाव घेत नव्हत्या.