प्रोसेसरचा कूलर बदलला तेव्हा

मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. दुसऱ्यांची लग्नं लावता लावता माझं राहून गेलं, असं मी स्वतःच म्हणून टाकते, म्हणजे बाकीच्यांची पंचाईत होते. घाटकोपरला एक खोली आणि स्वयंपाकघर, खिडकीपाशी कॉम्प्युटर, आणि आई गेल्यापासून कॉम्प्युटरच्या दोन हातांवर बाबांची कॉट. गावात त्यांचं बघणारं कोणी उरलं नाही म्हणून दादा आणि मी त्यांना घेऊन आलो.

भर सीझनमध्ये कॉम्प्युटर आपोआप बंद पडायला लागला. नवरीच्या गळ्यात हार पडतोय आणि स्क्रीन काळी. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी कॅबिनेटला लाथ घातली आणि मग झाकण उघडलं. प्रोसेसरवरचा एवढासा पंखा धुळीने माखून जिवाच्या आकांताने घरघरत होता. तापमान मोजलं, तर आकडा शंभराला टेकलेला. मी हादरलेच. चहाला आधण येतं तेवढ्या तापावर माझी रोजीरोटी चालली होती.

तो पंखा इतका ओरडतो हेही मला तेव्हाच कळलं. दिवसभर माझ्या कानांवर हेडफोन, आणि झोपताना मी आख्खा व्हिडिओ तयार करायचं काम मशीनला लावून द्यायची. घरात आवाज नाही असा तासच नव्हता.

त्यात बाबांचं काहीतरी बिनसलं होतं. कॉटवर बसून नुसते ओठ हलवायचे. आवाज नाही. मधेच हातवारे करायचे. "बाबा, मोठ्याने बोला ना," म्हटलं की तेच पुन्हा, ओठ आणखी सावकाश हलवत. मला ते बघवायचं नाही. मी मान फिरवायची आणि पुन्हा हेडफोन चढवायची. आधीच त्यांना ऐकायला कमी येतं, आता वाचाही गेली की डोक्यावरच परिणाम झालाय, हाच विचार डोक्यात.

एका रविवारी दादा बोरिवलीहून आला. त्याने पाच मिनिटं बाबांकडे पाहिलं आणि म्हणाला, "हे बघ, तू कामाला बाहेर पडलीस की यांच्याजवळ कोण? खोपोलीला एक वृद्धाश्रम आहे, मी बघून आलोय. स्वच्छ आहे, माणसंही चांगली आहेत. बाबांचं डोकं गेलंय, त्यांना इथलं काय नि तिथलं काय." मागे मशीन घरघरत होतं, बाबांना ऐकू येणार नव्हतं, म्हणून हे सगळं त्यांच्या कॉटवर बसूनच झालं. दादा फॉर्म टेबलावर ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी मी साकीनाक्याला एका दुकानात गेले आणि म्हटलं, "सगळ्यात पॉवरफुल कूलर द्या."

"असं नसतं ना ताई," दुकानदार म्हणाला. "प्रोसेसर किती वॉटचा? आणि कॅबिनेटमध्ये जागा किती?"

पहिलं मला माहीत होतं. दुसऱ्यासाठी मी कॅबिनेटची रुंदी टेपने मोजून नेली होती. ती ऐकून तो हसायलाच लागला.

"बाहेरून काय मोजता? प्रोसेसरपासून झाकणापर्यंत मोजायचं, आतून. नाहीतर कूलर बसेल, झाकण लागणार नाही, मग बसा बोंबलत. असं करा, कॅबिनेटच घेऊन या."

तिसऱ्या दिवशी बाबा जेवून झोपले तशी मी कॅबिनेट रिक्षात घालून नेलं. त्याने दोन कूलर पुढे ठेवले. एक बुटका, स्वस्त. दुसरा कुकरएवढा, तांब्याच्या जाड नळ्या आणि वर पातळ पत्र्यांची चळत. एवढं धूड एवढ्याशा चिपवर? माझा विश्वासच बसेना.

"छोटा पंखा जोरात फिरतो म्हणून बोंबलतो," तो म्हणाला. "मोठा आरामात फिरतो, तरी हवा तेवढीच फेकतो. आवाज नाही."

"आवाजाचं मला काही नाही. थंड राहील ना?"

"झकास राहील."

त्याने आतून मोजलं, प्रोसेसरवरची, उष्णता कूलरकडे नेणारी जुनी वाळलेली पेस्ट खरवडली, नवी लावली, मोठा कूलर बसवला. झाकण जेमतेम लागलं.

घरी आले तेव्हा बाबा नुकतेच उठून बसले होते. मी मशीन चालू केलं, सगळ्यात जड फाइल कामाला लावली आणि कान देऊन थांबले. काही नाही. पंखा फिरतच नाही की काय? मागच्या जाळीवर हात धरला. हवा येत होती. स्क्रीनवर आकडा पासष्टच्या वर जाईना.

"साचे बंद पडले काय गो?"

मी दचकून मागे पाहिलं. बाबा. चांगला खणखणीत आवाज.

"तुम्ही बोलताय?" मी ओरडलेच.

"मी रोजच बोलतंय. तूच बघूक नाय."

बाबा तरुणपणी गिरणीत साचे खात्यात होते, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर. तिथे शेकडो साचे एकदम धडधडायचे. त्यात ओरडून उपयोग नसतो, समोरच्याच्या ओठांकडे बघून सगळं समजून घ्यायचं, हे त्यांनी मला त्या दुपारी पहिल्यांदा सांगितलं. माझ्या मशीनची घरघर सुरू झाली की त्यांचे ओठ आपोआप तसे हलायचे. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण सवय सुटली नव्हती. आणि मी त्यांना वेड्यात काढलं होतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी उठून टेबलावरचा फॉर्म त्यांच्यासमोर टराटरा फाडला.

बाबा तुकड्यांकडे बघत राहिले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"बाबा, त्या दिवशी दादा काय म्हणाला ते..."

"समाजला मा. खोपोली. सगळा समाजला."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत, जाणार नाही म्हणून?"

"मी तुझ्या तोंडाकडे बघत होतंय," बाबा म्हणाले. "वाटला, तू नको म्हणतलंस. तू म्हणालंस, बघू."

मी खरंच तेवढंच म्हणाले होते.