तिथीची पाऊणपट

शिरवण्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो, तेव्हा खाडीच्या बांधावर एक म्हातारा शेतकरी रोज भेटायचा. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचा. "अष्टमी हाय, सहाला भरती." पाणी आलं की हात जोडायचा.

"पाणी चंद्र खेचतो, देव नाही," मी एकदा म्हणालो.

"खेचू दे की, मास्तर. पन रोज येलेवर खेचायला त्याला सांगलं कोनी?"

पुढे वादळात बांध फुटला आणि त्याचं भातशेत खारं झालं. "आता कुठे गेला तुमचा देव?" माझ्या तोंडून गेलंच.

फुटक्या बांधावर चिखल थापत तो म्हणाला, "वाऱ्याचाबी कायतरी नेम असंल. आपल्याला अजून कलला नाय."

वर्गात मी हेच शिकवत होतो. इतक्या विश्वासानं मात्र कधीच नाही.