कोंड्यात पुरलेलं सागवान

लाकूड हातात आलं की चाचा आधी ते गालाला लावत. गाल थंड पडला की म्हणत, "हे अजून रडून राह्यलं. ठेवा याले बाजूले."

चांद्याच्या एका लाकूड-गिरणीत ते खरादी होते, दोरीने फिरणाऱ्या खरादीवर लाकूड कातायचे. फाटकाशी मी तेव्हा कामगारांना पत्रकं वाटायचो. चाचा एक घेत, घडी करून टोपीत ठेवत. "मले वाचता येत नाई बाबू. पण तू ओरडतो ते आयकू येते," म्हणत आत जात.

आलापल्लीकडून येणारं सागवान ओलं असायचं. ओल्या लाकडाची टोकं आधी वाळतात, पोट ओलंच राहतं, आणि मग ते तडकतं. म्हणून चाचा मधला गाभा काढून टाकत, दांडा जाडसर कातत, दोन्ही टोकांना शेण थापत आणि धानाच्या कोंड्यात पुरून महिनोन्महिने विसरून जात. शेवटचं कातकाम त्यानंतर. शेण शेजारच्या बाईच्या गोठ्यातलं.

"चाचा, गाय माही, अन् शेण तुमच्या सागवानाले? मी घर कायनं सारवू?"

"सागवान बी बाळंतीणच हाय बाई. तिले वारा नाई लागू द्या लागत."

मग गिरणीच्या शेठने इंजिनावर चालणारी खराद आणली. कुण्या साहेबाच्या बंगल्याला जिन्याचे दांडे हवे होते, आणि लगेच हवे होते. शेठने कोंडा उपसायला लावला.

चाचा म्हणाले, "शेठ, हे फुटते. दोरीच्या खरादीवर फुटलं तं पायावर पडते. इंजिनावर फुटलं तं डोक्यात घुसते."

"तुला भीती वाटते ना? मग तुझा जावई करेल."

जावई चाचांच्याच घरात राहायचा. गिरणीत नवा होता, त्याची 'नाही' म्हणायची छाती नव्हती. त्याने पटाशी उचलली. चाचांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"तू घरी जाय. पोरगी वाट पाहून राह्यली."

याला मी जुलूम म्हणतो. हयातभर ज्या कामाला माणूस नाही म्हणत आला, ते त्याच्या लेकीच्या संसाराचा धाक घालून करवून घेतलं, तर दुसरा कुठला शब्द वापरायचा, तुम्हीच सांगा.

दुपारी फिरता दांडा उभा चिरला. तुकडा चाचांच्या कपाळात बसला. ते खाली पडले तरी इंजिन चालूच होतं. ते बंद करायचं कुणाला सुचलंच नाही.

शेठ 'नशीब' म्हणाला आणि कबरीसाठी फळ्या पाठवल्या. देहावर माती पडू नये म्हणून आत फळ्या घालतात. या फळ्या करवतीखालून नुकत्या निघालेल्या, ओल्याच होत्या. जावयाने त्या डोक्यावर घेतल्या, गिरणीच्या फाटकात नेऊन टाकल्या आणि परत येऊन आम्हाला म्हणाला, "अब्बाच्या घराचं दार काढा."

दार चाचांनीच केलेलं होतं. आम्ही ते बिजागऱ्यांवरून उतरवलं, फळ्या सुट्या केल्या आणि कबरीत चाचांवर घातल्या.

पुढे कितीतरी दिवस ते घर बिनदाराचं होतं. रस्त्याने जाताना चुलीशी बसलेली त्यांची लेक दिसायची.