चिनी पोटावरचा हात

मुंबईच्या कॉलेजात मी शिकले नाही, याचं कारण एका पुतळ्याचं पोट.

माझा मोठा भाऊ, दादा, मुंबईत एका कंपनीत कारकून होता. त्याला कंपनीचं क्वार्टर मिळालं की तो मला दिग्रसहून नेऊन कॉलेजात घालणार, असं घरात पक्कं ठरलं होतं. क्वार्टर देणं साहेबाच्या हातात. आणि साहेबाला हाताखालच्या माणसाचं 'घराणं' बघायची हौस! म्हणून दादानं साहेबाला आणि त्याच्या बायकोला एका बड्या चिनी हॉटेलात जेवायला बोलावलं, आणि आम्हाला न्यायला दिग्रसला आला. (चीनशी आपलं तेव्हा बिनसलं नव्हतं. आमचंच बिनसायचं होतं!)

अडचण एकच होती. दादानं मुंबईत 'दिग्रसकर' असं गुळगुळीत आडनाव लावलं होतं. आम्ही दीक्षा घेतलेले बौद्ध, हे साहेबाला ठाऊक नव्हतं. साहेबाची बायको तर कोणाच्या हातचं आहे हे विचारल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नसे. (हॉटेलातल्या आचाऱ्याला मात्र कोणी विचारत नाही!)

"बाबा, तिथं जय भीम म्हणू नका," दादा खाली बघत म्हणाला. "नमस्कार म्हणा."

"काहून? मी का चोरी केली हाये?"

बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. यंत्रांच्या खडखडाटात बोलून बोलून त्यांचा आवाज असा झाला होता की ते कुजबुजले तरी बाजारात ऐकू जायचं.

"हिच्या कॉलेजसाठी, बाबा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी शक्य तितका गरीब चेहरा केला.

"बरं. पोरीसाठी एक टाइम मुकाट बसतो."

मग शिकवणीची सूत्रं मी हाती घेतली. चिनी लोक दोन काड्यांनी जेवतात, एवढं ज्ञान मला शाळेत मिळालं होतं. मी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, काड्या तासल्या, परातीत तुरीचे दाणे पसरले आणि माय-बाबांना समोर बसवलं. दाणे घरभर उडाले.

"जनमभर तूर निवडली," माय करवादली, "पण काडीनं? तुह्या डोक्यात फरक पडला का वं?"

पण मी बधले नाही. मुंबईची गाडी पकडेपर्यंत बाबा दाणा उचलून तोंडापर्यंत नेऊ लागले होते!

हॉटेलात गेलो. गालिचा इतका मऊ, की मायला वाटलं आपण कोणाच्या तरी गादीवर पाय दिला. बाबांचे नवे बूट चावत होते. साहेबानं बसल्या बसल्या काटे-चमचे मागवले. आजूबाजूलाही सगळे काट्या-चमच्यांनीच खात होते. अख्ख्या हॉटेलात काड्यांनी जेवणारं एकच खानदान होतं, दिग्रसचं!

"या शेवया दुधात काहून नाई?" मायनं मला विचारलं.

"चूप, माय!"

बाबांनी शब्द पाळला. मिशीला शेवई लोंबत होती, पण तोंडातून शब्द नाही. माय मात्र घरच्यासारखी आग्रहाला लागली. काड्या बाजूला ठेवून आपल्याच उष्ट्या चमच्यानं साहेबाच्या बायकोला वाढतेय, "घ्या ना बाई, लाजता कायले?" आणि ती बाईही चाटूनपुसून खातेय. वर म्हणते कशी, "तुम्ही वाढलं की दोन घास जास्तच जातात हो!"

साहेब खूष झाला. "दिग्रसकर, तुमचे वडील फार सज्जन दिसतात. क्वार्टरचं मी बघतो."

झालं! मी मनातल्या मनात कॉलेजचा जिनाही चढले.

तेवढ्यात साहेबाचं लक्ष शेजारच्या चौरंगाकडे गेलं. त्यावर एक सोनेरी, ढेरपोट्या, खदाखदा हसणारा पुतळा होता.

"ओळखलंत का? हा बुद्ध! चिनी बुद्ध! याचं पोट चोळलं की नशीब उघडतं म्हणे." आणि त्यानं तेलकट हातानं ते पोट चोळायला सुरुवात केली.

बाबांनी काड्या खाली ठेवल्या. मी घाबरून टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय दिला. "अगं आई गं!" साहेबाची बायको ओरडली. पाय तिचा होता.

"हात काढा, साहेब," बाबा म्हणाले.

"अहो, गंमत..."

"पाया लागाचं सोडून पोट चोळून राह्यले? हात काढा म्हनतो ना!"

बाबांनी बूट काढले. (त्यांना निमित्तच हवं होतं.) दुपट्ट्यानं पुतळ्याचं पोट पुसलं, हात जोडले आणि जिनिंगच्या आवाजात सुरू केलं, "बुद्धं शरणं गच्छामि!" सवयीनं माय उठली, मी उठले. हॉटेलातले सगळे चमचे थांबले. तिसऱ्या ओळीला दादाही उठला.

साहेबाच्या बायकोनं आधी मायकडे पाहिलं, मग मायच्या चमच्याकडे, मग स्वतःच्या रिकाम्या ताटलीकडे. "मला कसंतरीच होतंय," म्हणत ती पदर तोंडाला लावून उठली. दोन घास जास्त गेले होते ना! साहेब तिच्यामागे निघाला आणि दारातून म्हणाला, "क्वार्टरचं जरा अवघडच दिसतंय हो."

ते जातात न जातात तोच हॉटेलचा चिनी मालक अदबीनं जवळ आला.

"बाबूजी, ये बुद्ध भगवान नहीं है. ये तो पुराने जमाने का एक साधू है. सब लोग गलती करता है."

दादानं कपाळावर हात मारला. मला रडूच फुटलं. "बाबा, तो बुद्ध नव्हताच! उगाच माझं कॉलेज गेलं!"

बाबा शांतपणे बसले आणि मिशीवरची शेवई काढली.

"नव्हता त नव्हता. पन साहेबाले त बुद्धच वाटला ना? तरी चोळलंच ना त्यानं?"



"अन्न टाकाचं नाई," म्हणत मायनं वाडगं पुढे ओढलं आणि आम्ही चौघांनी उरलेलं सगळं हातानं संपवलं. फार चविष्ट होतं. राग त्याचाच जास्त आला.

मी दिग्रसला परत आले ती आलेच. काडीनं तुरीचा दाणा उचलण्यात आजही माझा हात धरणारं यवतमाळ जिल्ह्यात कोणी नाही. मुंबईनं मला दिलेलं तेवढं एकच शिक्षण, आणि तेही मी घरीच घेतलेलं!