गिटारीचं माहेर

प्रत्येक वाद्याला कूळ असतं आणि ते शोधणं हे सुसंस्कृत माणसाचं कर्तव्य आहे, असं मी बैठकीत येणाऱ्या प्रत्येकाला सांगत असे. मला स्वतःला एकही वाद्य वाजवता येत नाही. त्यामुळे या कर्तव्याला भरपूर वेळ मिळे.

घाटंजीच्या बाजारात, कूलरचे जुने पंप आणि बिनझाकणाचे कुकर यांच्यामध्ये ती इलेक्ट्रिक गिटार पडली होती. समोरून लाल रंग, पाठीला सनमायका, कंपनीचं नाव कुठंच नाही.

"फॉरेनची हाय साहेब, म्हणून तं नाव नाही," विकणारा म्हणाला. हा तर्क मला पटला.

घरी आणून मी ती उचलून पाहिली, ठोकून ऐकली, इंटरनेटवरच्या जाणकारांची भांडणं वाचली आणि निष्कर्ष काढला: जपानी, बरीच जुनी. इतकं जड लाकूड आपल्याकडे कोण वापरतो?

मग साळा आला. तो लोहाऱ्याच्या एका कारखान्यात कामाला आहे आणि भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवतो. त्याची गिटार मोडली होती आणि रविवारी वणीला कार्यक्रम होता.

"भाऊजी, एका दिवसासाठी द्या नं."

"अरे, तिचं मूळ नक्की झाल्याशिवाय ती घराबाहेर काढता येत नाही."

"मले खंजिरी देऊन मांगं उभं करून राह्यले! ज्या पोरीसंग माह्या लग्नाचं चाललं, तिचा बाप पह्यल्या रांगेत बसणार हाय."

"खंजिरीलाही मोठी परंपरा आहे."

"मंग तुमीच या वाजवाले."

"अहो, द्या नं त्याले," आतून बायको म्हणाली. "नाही तं ठरवा एकदाचं, कुठची हाय थे."

कंपनीचा नंबर असलाच तर सनमायकाखाली असणार. मी वरून इस्त्री फिरवली, साळ्यानं सुरी घातली आणि सनमायका सुटला. खाली कोऱ्या लाकडावर गेरूनं लिहिलं होतं: इंग्रजी 'पी', त्याखाली आकडा, शेजारी बाण.

माझा आवाज बदलला. "'पी' म्हणजे मॉडेल. आकडा म्हणजे अनुक्रमांक." बाणाबद्दल इंटरनेटवर काहीच सापडलं नाही. म्हणजे गिटार दुर्मिळ होती. साळ्याचा चेहरा उतरला. दुर्मिळ म्हणजे खंजिरी.

बायको हात पुसत बाहेर आली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि पोलिओच्या ड्युटीवर घरोघर हिंडली आहे. तिनं चष्मा लावला.

"हे तं दार हाय."

"काय?"

"डोस पाजल्यावर आमी दारावर हेच लिहितो. आकडा घराचा, बाण पुढच्या घराकडं. आन् हे पाहा, इथं कडी होती." कडेला एक बुजवलेलं भोक होतं. मी ते आधीच पाहिलं होतं आणि जपानी कारागिरीत जमा केलं होतं.

साळ्यानं गिटार गळ्यात अडकवली. "भाऊजी, जपानातबी आपलीच ताई ड्युटीवर गेलती का?"

रविवारी तो वणीला पुढच्या रांगेत उभा राहून वाजवत होता. कार्यक्रमानंतर मुलीच्या वडिलांनी गिटार हातात घेऊन वजन पाहिलं आणि कुठची म्हणून विचारलं.

"आपल्या जिल्ह्याचीच. सागवानी," साळा म्हणाला.

त्यांनी समाधानानं मान हलवली. पुढच्या आठवड्यात ते सुपारी फोडायला आले.

ते घर कुठलं, याचा पत्ता मला अजून लागलेला नाही. 'पी'चा अर्थ तेवढा बायकोनं सांगितला: त्या घरातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांना डोस मिळाला होता.